पिंट्याचा गुरुवार

“मॅडम, कुत्र्याला देव कळतो का?”

प्रश्न माझा नव्हता. आवाज माझा होता, माइक मी मागून घेतला होता, दहावी-अकरावीच्या सगळ्या वर्गांसमोर उभी मीच होते, पण पैज लावली होती रोहिणीने. रोहिणीचे पप्पा अमळनेरचे, इथे सिल्वासात धाग्याच्या कंपनीत पाळीवर जातात, आणि मस्तीत आली की ती घरची अहिराणी काढते. “काय वं, घाबरनी का?” असं तिने मला कोपराने ढोसत विचारलं आणि पलीकडून स्नेहलने भर घातली, “नाही विचारणार ती. सेलिब्रिटी लोक असले प्रश्न विचारत नसतात.” पशुदवाखान्यातल्या नलिनी मॅडम आमच्या शाळेत कुत्रं चावलं तर काय करायचं ते सांगायला आल्या होत्या. त्यांचं सांगून झालं होतं आणि ‘कुणाला काही विचारायचंय का’ या वाक्यानंतर जी शांतता पसरते ती पसरली होती. वर्षभरापूर्वी असल्या शांततेत मी बाकाखाली काहीतरी पडल्याचं नाटक करून वाकले असते. आता नाही. आता मी उभी राहिले की पाय लटपटत नाहीत, उलट सगळ्या माना माझ्याकडे वळतात ते मला थंडीतल्या उन्हासारखं वाटतं. उभी राहिले, विचारलं, हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत.

“का विचारतेस?”

“आमचा कुत्रा, पिंट्या, दर गुरुवारी आरतीला नमस्कार करतो.” मागून शिट्ट्या आल्या, कारण तो व्हिडिओ हॉलमधल्या निम्म्या पोरांनी पाहिला होता आणि उरलेल्यांच्या आयांनी पुढे पाठवला होता.

“कसा करतो, दाखव बघू.”

मी दाखवलं. स्टेजवर जाऊन गुडघ्यांवर बसले, कोपरं फरशीला टेकवली, हनुवटी खाली, पाठ मागून वर. सगळा हॉल हसून कोसळला. मला वाटलं आता मॅडमही हसतील. त्या म्हणाल्या, “मागचा भाग असाच वर राहतो? किती वेळ?” कधीकधी अख्खी आरती, मी म्हणाले. त्या दिवशी सकाळी काय खातो? काहीच नाही मॅडम, गुरुवारी त्याचा उपवास असतो. परत हशा. “उपवास आहे हे त्याने सांगितलं?” आता हशा माझ्यावर होता, पण मला तोही चालला. मी म्हणाले, “तो आपणहूनच खाईना झाला, ताटली हुंगायचा आणि तोंड फिरवायचा.” मग त्या भराभर विचारत गेल्या. तोंडात काही नसताना गिळतो का? ओठ चाटत बसतो का, फरशी चाटतो का? गवत खातो? सकाळी पिवळा फेस ओकतो? उपवास प्रसादाच्या शिऱ्यावर सोडतो? आणि मी हो म्हणत गेले, हो, हो, कधीकधी, हो, जणू तोंडी परीक्षेत सगळी उत्तरं बरोबर येताहेत आणि तरीही आपण नापास होत चाललोय. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला होता. “माइक दे तिकडे,” मॅडम म्हणाल्या, “आणि इकडे ये.” खिडकीपाशी नेऊन त्यांनी हळू आवाजात सांगितलं की पोटात कळ आली की कुत्रं पुढून वाकतं आणि मागून ताठ राहतं, तेवढ्याने ताण थोडा सुटतो. पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येत असेल, किंवा त्याहून वाईट काही असेल, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. रिकामं पोट त्याला सगळ्यात वाईट, आणि त्यावर तूप-साखर म्हणजे आगीत तेल ओतणंच. “शी कशी होते त्याची? काळी?”

“नाही,” मी म्हणाले.

“काळी दिसली तर त्याच दिवशी आणायचं. डांबरासारखी, चिकट. म्हणजे आत रक्त आहे. उद्या-परवा करायचं नाही. मी रोज सहापर्यंत असते.”

मंगळवारी सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी मी ती पाहिली होती. डांबरासारखीच. पाहिली, आणि वाटलं, काहीतरी खाल्लं असेल इकडचं तिकडचं, आणि त्याची साखळी ओढून पुढे गेले. पण खिडकीपाशी ती मला स्वच्छ आठवली होती, मंगळवार म्हणून आठवली, भिंतीचा उडालेला रंग आठवला, आणि तरी तोंडातून ‘नाही’ आलं. दोनशे पोरं बघत असताना ‘हो’ म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्याकडे आहे असं मी चार महिने समजत होते. बाकावर परत आले तेव्हा रोहिणी म्हणाली, “पैज तू जिंकलीस, खमण माझ्याकडून.” मी म्हणाले, “आज नको.” आज गुरुवार होता.

सायकलवरून डोकमर्डीला घरी येताना रोज मी मोठ्याने गाते. कंपन्यांची पाळी सुटायची वेळ असते, रिक्षा, टँकर, खानवेलला जाणाऱ्या बसचा हॉर्न, त्यात कोण कुणाचं ऐकतं. त्या दिवशी मला माझ्याच घशाचा आवाज ऐकू येत होता. गट्. लाळ गिळल्याचा. पिंट्या तसं गिळतो, टीव्ही बंद असला की सगळ्या घरात ऐकू येतं, गट्, मग थोडा वेळ काही नाही, मग परत गट्, आणि बाबा पेपरामागून म्हणतात, “माझ्यासारखंच आहे त्याचं. ॲसिडिटी.” बाबांना वीस वर्षं ॲसिडिटी आहे. ते प्रशासनाच्या कचेरीत आहेत, फायलींवर जेवतात, आणि कपाटात त्यांच्या गुलाबी औषधाच्या बाटल्या एका ओळीत उभ्या असतात. मागच्या महिन्यात त्यांनी आपल्या चमच्यातलं अर्धं पिंट्याच्या जिभेवर सोडलं होतं आणि दोघांनी मिळून तोंडं वाकडी केली होती. मी त्याचाही फोटो काढला. त्यालाही खूप हार्ट आले. बाबांचं म्हणणं, या दुखण्याने कुणी मरत नाही, मी मेलो का. आणि आपल्याला जे आहे तेच त्याला आहे म्हटलं की माणूस किती निवांत होतो हे मला सायकलवर पहिल्यांदा कळलं.

पण या नमस्काराची सुरुवात बाबांनी केली नव्हती. आईनेही नाही. आई सावंतवाडीकडची, इथल्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. अकरा वर्षं झाली आम्हाला सिल्वासात, त्यातली साडेदहा वर्षं सोसायटीत तिला कुणी नावाने ओळखत नव्हतं. तीनशे दोनवाल्या टीचर. बाया खाली बाकावर बसायच्या, गुजरातीत भराभर बोलायच्या, आई पिशवी घेऊन तिथून जाताना थोडी हळू चालायची, आणि कुणी सरकून जागा दिली नाही की परत तिच्या नेहमीच्या वेगाने जिना चढायची. मी हे पाहिलंय. दर गुरुवारी ती उपवास करायची, संध्याकाळी दत्ताची आरती, आम्ही तिघं आणि पिंट्या. फोटोतल्या दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, त्यातल्या डावीकडच्याचा एक कान पडलेला आहे आणि पिंट्याचाही पडलेला आहे, हा आमच्या घरातला जुना विनोद. नवरात्र संपल्यावरच्या एका गुरुवारी पिंट्याने सकाळची भाकरी खाल्ली नाही. दुपारीही नाही. संध्याकाळी आईने घंटा वाजवली आणि तो दारातून आला, पुढचे पाय पसरले, छाती जमिनीला टेकवली आणि तसाच राहिला. आईच्या हातातली घंटा थांबली. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला, कुणीतरी सरकून जागा दिल्यासारखा.

तो व्हिडिओ मी काढला. पण त्याआधी दुपारी एक काढला होता, तो कुणी पाहिलेला नाही. आई शाळेत होती, मी घरी एकटी, आणि पिंट्या मोरीपाशी गेला आणि वॉशिंग मशीनसमोर अगदी तस्साच वाकला. मी हसून हसून बेजार. ‘मशीनदेवाला नमस्कार’ असं मोठ्याने म्हणत आठ सेकंद काढले. म्हणजे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं की त्यात देव नाही. संध्याकाळीसुद्धा तो देव्हाऱ्याकडे तोंड करून नव्हता, चपलांच्या मांडणीकडे होता. मीच उकिडवी बसले, सरकले, अजून सरकले, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यामागे समई आणि दत्ताचा फोटो आला. तेवीस सेकंद. मशीनचा मागे ठेवला, हा पाठवला. रात्रीपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर, मग आईच्या शाळेच्या, मग वापीच्या कुठल्यातरी भजन मंडळाच्या. शाळेत दुसऱ्या दिवशी बारावीच्या मुली मला शोधत आल्या, मृणाल कोण, मृणाल कोण. सोळा वर्षांत मला कुणी शोधत आलं नव्हतं. मग मी प्रार्थनेनंतर बातम्या वाचायला लागले, वादविवादात नाव दिलं, केस कापले. रोहिणी आणि स्नेहल तेव्हाच माझ्या झाल्या. हे सगळं एका कुत्र्याच्या पोटदुखीवर उभं आहे हे वाक्य मला नरोलीच्या फाट्यावर सिग्नलला थांबलेली असताना सुचलं, आणि मागून टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला तरी मला पेडल मारता येईना.

पुढचं तर आपोआप झालं. तो गुरुवारी खात नाही असं आईने एकदा सांगितलं, मग लोक विचारायला लागले, आज पण नाही खाल्लं का, आणि आईने गुरुवारी ताटली भरणंच बंद केलं, उगाच त्याचा नेम मोडायला नको म्हणून. वाईट मनाने नाही. ती त्याच्याजवळ बसून स्वतःही उपाशी राहायची, पाठीवर हात फिरवत, “आपलं दोघांचं आहे हो आज,” म्हणायची. मग एकादशी आली. मग संकष्टी. आरती झाली की बाया त्याला प्रसाद भरवायच्या, आपापल्या हाताने, भगताने खाल्लं पाहिजे म्हणून. पिंटू भगत हे नाव चारशे एकच्या प्रमिलाबेननी दिलं. पेढा, शिरा, साबुदाण्याची खिचडी, तुपात थबथबलेलं काहीही, आणि दिवसभराचा उपाशी तो, तो खायचाच, डोळे मिटून गिळायचा, आणि अर्ध्या तासाने परत वाकायचा. तेव्हा तर लोक पाणावल्या डोळ्यांनी बघायचे. बघा, प्रसाद मिळाल्याचा पण नमस्कार करतो. उपाशी ठेवा म्हणजे दुखेल, दुखलं म्हणजे वाकेल, वाकला म्हणजे भरवा, भरवलं म्हणजे दुखेल. यात बाहेर पडायची जागाच नव्हती. चार महिन्यांत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. आई म्हणायची तेज आलंय.

घरी आले तेव्हा दोन वाजून गेले होते. दार उघडल्याबरोबर शिरा भाजल्याचा वास. आईने शाळेतून अर्धी सुट्टी घेतली होती, कारण आज वापीच्या भजन मंडळाच्या बारा बाया येणार होत्या, खास पिंट्यासाठी. तिने केसांना तेल लावून सैल वेणी घातली होती आणि ती गुणगुणत होती. “हात धू आणि खुर्च्या पुस गं,” ती म्हणाली. मी हात धुतले. आता सांगते, म्हणाले मनात. खुर्च्या पुसल्या. आता. पिंट्या टेबलाखाली होता, दोन पायांमध्ये डोकं घालून, आणि नेहमीसारखं शेपूट आपटायच्या ऐवजी त्याने फक्त डोळे वर केले, बुबुळांखालचं पांढरं दिसलं. मी टेबलाखाली शिरले. त्याच्या तोंडाला आंबूस, लोखंडासारखा वास येत होता. पोटाला हात लावला तर कातडी आतल्या आत थरथरली, गाईवर माशी बसली की थरथरते तशी, आणि त्याने माझा हात चाटला. एकदा नाही, सारखा, चाटतच राहिला. मला कितीतरी दिवस वाटत होतं हे प्रेम आहे. असेलही. पण मला आता त्याची कुठलीच गोष्ट ती दिसते तशी वाटेना. शेपूट, चाटणं, माझ्या उशाशी येऊन उभं राहणं. सगळं उलटं वाचता येत होतं. तो चार महिने सांगत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

तीन वाजले. साडेतीन. सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं, हे मी बाथरूमच्या आरशासमोर म्हणून बघत होते, वादविवादाच्या तयारीसारखं. पिंट्याला बरं नाही, एवढंच सांगितलं तर आई म्हणणार उद्या जाऊ. काळी शी सांगितली तर विचारणार, कधी. वाकणं सांगितलं तर, तर मग ते बाक, ती सरकून दिलेली जागा, आईला “मालतीबेन, जरा वर येते हं” म्हणत येणाऱ्या बाया, ते सगळं मी माझ्या हाताने पुसून टाकणार. आणि शाळेत? उद्या शाळेत काय. आरशातली मुलगी छान दिसत होती. कापलेले केस तिला शोभत होते. तिला बघून मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण ती अजून हिशोब करत होती, सहा वाजून जाऊ दिले तर आज सांगण्यात अर्थच उरणार नाही, आणि तिला ते चालणार होतं.

पावणेपाचला बाबा आले. पाचनंतर बाया यायला लागल्या, आरतीला दीड तास असतानाच, चपलांचा ढीग, अत्तर, मोगरा, कुणीतरी चांदीचा वाळा आणला होता पिंट्याच्या पायात घालायला. प्रमिलाबेन सगळ्यांना सांगत होत्या, “हजू तो काही नाही, आरती वेळेला बघा, रडू येईल.” पिंट्याला त्यांनी टेबलाखालून बाहेर काढलं. तो आला, कारण बोलावलं की तो येतो, सहा वर्षांत कधी आला नाही असं झालेलं नाही. हॉलच्या मधोमध उभा राहिला. समई लागलेली नव्हती, घंटा नव्हती, आई अजून स्वयंपाकघरात होती. त्याच्या कुशीतून एक लाट गेली, मानेपर्यंत आली, गट्, खाली गेली. मग त्याचे पुढचे पाय घसरत घसरत पुढे गेले. हॉलमध्ये “आ हा” असा एक उच्छ्वास झाला आणि बारा हात कपाळाला लागले, पाच-सहा फोन वर झाले. त्या लोकांमागे मी उभी होते, त्यामुळे मला फोनचे पडदे दिसत होते. प्रत्येक पडद्यावर एक एक पिंट्या, वाकलेला, छोटासा, छान. आणि मधल्या मोकळ्या जागेतून खरा. त्याच्या ओठांच्या कडेला फेस होता आणि फेसात तपकिरी रक्ताचा एक दोरा. मला कळायच्या आत एका बाईंनी पुढे होऊन तो आपल्या रुमालाने टिपला आणि रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. त्या बाईंच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं. क्षणभर मला वाटलं, मीही तशीच पुढे टेकणार आणि लोक मलाही हात जोडणार.

स्वयंपाकघरात आई शिऱ्यावर वेलची घालत होती, बाबा चमच्यात गुलाबी औषध ओतत होते. मी दार लावून घेतलं.

“आई, तो नमस्कार नाहीये. त्याचं पोट दुखतंय.”

“काय?”

“दुखलं की तसं वाकतात. आज शाळेत जनावरांच्या डॉक्टर आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. तो देव्हाऱ्याकडे बघतच नव्हता, मी कॅमेरा तसा धरला. पहिल्याच दिवशी दुपारी त्याने वॉशिंग मशीनसमोरही केला होता, तो व्हिडिओ आहे माझ्याकडे. मी दाखवला नाही.”

आई हसली, अर्धवट. “काहीतरीच तुझं. आज बोलायची गोष्ट आहे का ही? बाहेर लोक आलेत.”

“त्याच्या तोंडातून रक्त येतंय. शी काळी झालीय.”

“ॲसिडिटीनं असं होत नाही,” बाबा म्हणाले, पण चमचा त्यांनी खाली ठेवला.

“कधी?” आईने विचारलं. “काळी कधी झाली?”

“मंगळवारी.”

“आणि तू आज सांगतेस.” ती ओरडली नाही. गॅस बंद केला, झाऱ्याला चिकटलेला शिरा कढईच्या काठावर पुसला, आणि परत पुसला. “दोन दिवस तुझ्या तोंडात काय होतं, मृणाल? काल एकादशी झाली. काल मी त्याला पाणी सोडून काही दिलेलं नाही.”

मला हे माहीत नव्हतं, म्हणजे माहीत होतं, एकादशी होती हे माहीत होतं, पण कालचा दिवस आणि आजचा दिवस मी जोडला नव्हता. दोन दिवस. दाराबाहेर कुणीतरी टाळ तपासून बघत होतं, छन्, छन्. बाबा म्हणाले, “आरती लवकर उरकून घेऊ, मग मी स्वतः—” आणि आईने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. ती काय निवडते ते बघायला मी थांबू शकले असते. आजवर मी नेहमी थांबत आले, लोक बघतायत का, कोण कसं बघतंय, ते आधी बघून मग बोलत आले. ओट्यावरच्या घड्याळात पाच वाजून सव्वीस मिनिटं झाली होती, दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर. माझा आवाज कापत होता, अगदी वर्षापूर्वीसारखा, आणि मी तो तसाच कापू दिला.

“आई, बाबा, मी पिंट्याला घेऊन आत्ता चाललेय. आरतीच्या आधी. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तरी जाणार. आणि बाहेर बसलेल्यांना खरं काय ते मीच सांगून जाणार आहे.”